पुतळा कोणाचा हे सगळे विचारतात, वर्गणी कोणाची हे विचारा

प्रश्न थोडक्यात असा आहे. निवडणूक जवळ आली की स्मारकांच्या घोषणा होतात, त्यातून राजकारण्यांच्या हाती नेमकं काय लागतं? लोकांच्या सामूहिक आठवणीत त्याने खरंच काही फरक पडतो का? आणि विचारणाऱ्यांच्या गावात १९४२ च्या हुतात्म्यांचं स्मारक करायचं घाटतं आहे, समितीवर त्यांचंही नाव घातलंय, तर त्यांनी कशावर नजर ठेवावी?

मी महाविद्यालयात इतिहास शिकवला आणि त्यापायी जिल्ह्यातल्या बऱ्याच पुतळा समित्यांवर ‘इतिहासाचे सर’ म्हणून बसलो. या समित्यांच्या बैठकीत चहा येईपर्यंत इतिहास संपलेला असतो. पुढचा सगळा वेळ तोंड कुठल्या दिशेला, तलवार उगारलेली की म्यानात, अनावरणाला कोण, कोनशिलेवर कोणाचं नाव कोणाच्या वर, यात जातो. सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. पुढे कळलं की खरा मुद्दा तोच आहे. कोणताही पुतळा समजून घ्यायचा असेल तर मी दोन गोष्टी विचारतो: पैसे कोणी दिले, आणि तिथे कोणत्या तारखेला कोण जमतं. पुतळा कोणाचा, हा प्रश्न त्यानंतर.

रायगडापासून सुरुवात करतो, कारण आपल्याकडच्या स्मारकांच्या राजकारणाचा धडा तिथेच गिरवला गेला. शिवाजी महाराजांवर जोतीराव फुल्यांनी १८६९ मध्ये पोवाडा लिहिला आणि त्यात त्यांना कुळवाडीभूषण म्हटलं, म्हणजे शेतकऱ्यांचा राजा म्हणून उभं केलं. १८८३ मध्ये जेम्स डग्लस या इंग्रज लेखकाने रायगडावरच्या समाधीची दुरवस्था पुस्तकात मांडली. १८९५ मध्ये टिळकांनी ‘केसरी’तून समाधीच्या जीर्णोद्धारासाठी निधीची हाक दिली, ३० मे १८९५ ला पुण्यात हिराबागेत सभा झाली आणि आण्या-रुपयांच्या देणग्या येऊ लागल्या. १८९६ च्या एप्रिलमध्ये गडावर उत्सवही झाला.

आता गंमत पाहा. निधी समाधीच्या दुरुस्तीचा होता. ती दुरुस्ती प्रत्यक्ष व्हायला १९२० चं दशक उजाडलं. उत्सव मात्र वर्षाच्या आत सुरू झाला. टिळकांना दगडाची घाई नव्हती. चार आणे देणारा माणूस त्या चार आण्यांनी एका कामात ओढला जातो, पुढच्या वर्षी उत्सवाला येतो, व्याख्यान ऐकतो, आपल्या गावात तसाच उत्सव करतो. राजकीय सभेवर सरकारची नजर असायची, शिवउत्सवावर बंदी घालणं त्या मानाने अवघड होतं. सरकारलाही हे समजलं. १८९७ च्या पुण्यातल्या शिवउत्सवात अफझलखानाच्या वधावर जी भाषणं झाली ती १५ जूनच्या ‘केसरी’त आली. २२ जूनला पुण्याचा प्लेग अधिकारी रँड याच्यावर गोळ्या झाडल्या गेल्या. मग टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरला गेला आणि १८ महिन्यांची शिक्षा झाली. अडीचशे वर्षांपूर्वीच्या एका घटनेवरच्या व्याख्यानाचा मजकूर न्यायालयात पुरावा म्हणून वाचला गेला. स्मृती ही चालू वर्तमानाची गोष्ट आहे याची सरकारी नोंद यापेक्षा ठळक कुठे सापडायची नाही.

‘समाधी कोणी शोधली, फुल्यांनी की टिळकांनी?’ हा वाद दर काही वर्षांनी उफाळतो. माझ्या मते प्रश्नच चुकीचा आहे. जिची दुरवस्था एका इंग्रजाने १८८३ मध्ये छापून आणली होती, ती समाधी हरवलेली कुठे होती? ती उपेक्षित होती. या वादात भांडण समाधीचं नाही, वारशाचं आहे. शिवाजी राजा रयतेचा म्हणून आठवायचा की स्वराज्याच्या लढ्याचं निशाण म्हणून, आणि ते सांगण्याचा अधिकार समाजातल्या कोणत्या थराचा, हे भांडण १८६९ आणि १८९५ या दोन सालांमध्येच पडलेलं आहे. आजचे वक्ते फक्त जुन्या पावत्या फडकवतात.

या भांडणाची तिसरी बाजू पुण्यातच उभी आहे आणि तिच्याकडे फार कमी जण थांबून पाहतात. कोल्हापूरच्या शाहू महाराजांनी पुण्यात शिवस्मारक करायचं ठरवलं आणि १९ नोव्हेंबर १९२१ ला त्याची पायाभरणी खुद्द प्रिन्स ऑफ वेल्सच्या हातून करून घेतली. हा तोच दौरा, ज्यावर काँग्रेसने बहिष्कार टाकला होता. दोनच दिवस आधी, १७ तारखेला, युवराजाच्या आगमनाच्या दिवशी मुंबईत दंगल उसळली होती. म्हणजे टिळकांनी ज्या राजाच्या नावाने इंग्रज सरकारला डिवचलं, त्याच राजाच्या स्मारकाची पायाभरणी शाहू महाराजांनी इंग्रज युवराजाकडून करवली. याला विसंगती म्हणणारे बरेच भेटतात. मला त्यात काटेकोर हिशेब दिसतो. ब्राह्मणेतर चळवळीला सांगायचं होतं की शिवाजी महाराजांचा वारसा पुण्यातल्या पुढाऱ्यांच्या परवानगीवर अवलंबून नाही. ते सांगायला पुण्याइतकी योग्य जागा नव्हती आणि युवराजाइतका मोठा साक्षीदार नव्हता. शाहू महाराज १९२२ मध्ये गेले. नानासाहेब करमरकरांनी घडवलेल्या त्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण १९२८ मध्ये गव्हर्नर लेस्ली विल्सन यांच्या हस्ते झालं. शिवाजीनगरच्या लष्करी शाळेच्या आवारातला हा पुतळा माझ्या मते महाराष्ट्रातल्या अश्वारूढ पुतळ्यांत अजूनही सर्वांत देखणा आहे. घोड्याची चाल बघा, पुढे झुकलेला तोल बघा. हे विषयाला सोडून झालं, पण पुतळ्यांवर बोलताना शिल्पकाराचं नाव घ्यायचं राहून जातं, म्हणून सांगितलं.

आता प्रतापगड. स्मारकाचा निवडणुकीच्या हिशेबाने केलेला वापर शिकवायचा असेल तर मी हेच उदाहरण घेत असे. १९५६ च्या नोव्हेंबरपासून मराठी आणि गुजराती मुलूख एकत्र धरलेलं द्विभाषिक मुंबई राज्य, मुख्यमंत्री यशवंतराव चव्हाण. १९५७ च्या निवडणुकीत मुंबईसह मराठी राज्य मागणाऱ्या संयुक्त महाराष्ट्र समितीने पश्चिम महाराष्ट्रात काँग्रेसला झोपवलं. स्वतः यशवंतराव कराडमधून निसटत्या मतांनी आले. त्याच वर्षी ३० नोव्हेंबरला प्रतापगडावर शिवाजी महाराजांच्या अश्वारूढ पुतळ्याचं अनावरण ठरलं, आणि पाहुणे पंडित नेहरू. नेहरूंनी पूर्वी महाराजांविषयी जे लिहिलं होतं त्यावर महाराष्ट्रात राग होता आणि द्विभाषिकावर त्याहून मोठा राग होता.

समितीची कोंडी लक्षात घ्या. नेहरूंना विरोध करायचा, पण पुतळ्याला विरोध करतोय असं दिसता कामा नये. महाराष्ट्रात शिवाजी महाराजांच्या कार्यक्रमाच्या विरोधात उभं राहणारा पक्ष दुसऱ्या दिवशी उरत नाही. स्मारकाचा हा सर्वांत मोठा राजकीय उपयोग, आणि तो बहुतेक विश्लेषणांत सुटतो: स्मारक उभारणारा आपल्याभोवती कुंपण घालून घेतो. त्याच्यावर टीका करायची तर कुंपण ओलांडावं लागतं आणि कुंपणावर महापुरुषाची तसबीर टांगलेली असते. समितीने काळे झेंडे घेऊन मोठी निदर्शनं केली, ती हाताबाहेर जाऊ दिली नाहीत आणि रोख शेवटपर्यंत दिल्लीच्या धोरणावर ठेवला. यशवंतरावांनाही त्या दिवसाने दोन गोष्टी दिल्या. नेहरूंना रस्त्याच्या दुतर्फा मराठी माणसाचा राग प्रत्यक्ष पाहता आला, आणि मुख्यमंत्री म्हणून आपण कार्यक्रम पार पाडू शकतो हेही दाखवता आलं. अडीच वर्षांनी, १ मे १९६० ला महाराष्ट्र राज्य झालं. ते केवळ प्रतापगडामुळे झालं असं कोणी म्हणू नये, पण त्या दिवसाचा त्यात वाटा नव्हता असंही म्हणता येत नाही.

त्याच लढ्याचं मुंबईतलं स्मारक म्हणजे फ्लोरा फाउंटनजवळचा हुतात्मा चौक. २१ नोव्हेंबर १९५५ ला तिथे गोळीबार झाला, जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत आणखी कितीतरी जण मारले गेले. त्या वेळी राज्य काँग्रेसचं आणि मुख्यमंत्री मोरारजी देसाई. पुढे चौकाला हुतात्म्यांचं नाव मिळालं, मशाल घेतलेल्या शेतकरी-कामगाराचं शिल्प आलं, तेव्हाही राज्य काँग्रेसचंच. ज्यांच्यावर सत्तेने गोळ्या चालवल्या त्यांना सत्तेनेच हार घातला. मी याला ढोंग म्हणणार नाही. राज्यांना असे समेट करावे लागतात. पण त्या समेटाची किंमत असते. हुतात्म्यांना वंदन करताना गोळी कोणी झाडली हे वाक्य भाषणातून गळतं. हुतात्मे होतात, मारणारा कोणी नसतो. पुढे मराठी माणसाच्या नावाने राजकारण करणारा प्रत्येक पक्ष त्या चौकात गेला, आणि ज्या कम्युनिस्ट आणि समाजवादी कामगारांनी तो लढा अंगावर घेतला त्यांचे पक्ष मुंबईत आक्रसत गेले. स्मारक उरलं, त्याचे मूळ वारसदार बाजूला पडले.

मात्र दगड उभारणाऱ्याच्या हाती सगळं राहतं असं समजू नका. कोरेगाव भीमाचा जयस्तंभ याच्या उलट सांगतो. १ जानेवारी १८१८ ची लढाई, ईस्ट इंडिया कंपनीच्या बाजूने कॅप्टन स्टाँटनची आठशेच्या आसपासची तुकडी आणि समोर पेशव्यांची कितीतरी मोठी फौज. कंपनीने १८२१ मध्ये स्तंभाची पायाभरणी केली. हेतू स्वच्छ होता: पेशवाई संपली, आम्ही जिंकलो, आमचे शिपाई इमानी होते. स्तंभावरच्या ४९ मृतांच्या नावांपैकी २२ नावांच्या शेवटी ‘नाक’ येतं, म्हणजे ते महार शिपाई. कंपनीला त्या नावांतून जात सांगायची नव्हती, निष्ठा सांगायची होती.

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस सरकारने महारांची लष्करभरती बंद केली. तेव्हा गोपाळबाबा वलंगकरांनी आणि पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी सरकारकडे अर्ज केले, आणि कांबळ्यांनी या स्तंभापाशी लोकांना जमवलं. युक्तिवाद बिनतोड होता. तुमच्याच दगडावर आमची नावं आहेत, मग भरती का बंद? इंग्रजांच्या विजयस्तंभाचा इंग्रजांसमोरच दाखला झाला. मग १ जानेवारी १९२७ ला डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिथे गेले. तेच वर्ष महाडचं: २० मार्चला चवदार तळं, २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन. स्तंभाला तिसरा अर्थ मिळाला. निष्ठा गेली, नोकरीचा दाखला मागे पडला, आणि ज्या पेशवाईत माणसासारखं वागवलं गेलं नाही तिच्या शेवटाची खूण म्हणून लोक तिथे जाऊ लागले. दगडावरचा एक शब्दही बदललेला नव्हता.

इथे नेहमी एक आक्षेप येतो. त्या शिपायांपैकी कोणी जातिव्यवस्थेविरुद्ध लढत होता का? कंपनीच्या तुकडीत इतर जातिधर्मांचे शिपाई नव्हते का? होते. आणि शिपाई पगारासाठी लढतात, हेही बहुतेक वेळा खरं. पण आक्षेप घेणाऱ्यांच्या लक्षात येत नाही की १ जानेवारीला तिथे जाणाऱ्या माणसाचा हक्क १८१८ च्या शिपायाच्या मनात काय होतं यावर उभा नाही. तो १९२७ पासून पिढ्यान्‌पिढ्या तिथे जाण्यावर उभा आहे. इतिहासकाराने लढाईचे तपशील जरूर तपासावेत. मात्र तपशील दुरुस्त केल्याने स्मृती रद्द होते अशी आशा ठेवू नये, आणि तसा हेतू धरून तपशील तपासूही नयेत. २०१८ मध्ये, लढाईच्या द्विशताब्दीला, तिथे हिंसाचार झाला, एकाचा जीव गेला. त्याच्या काही दिवस आधी जवळच्या वढू बुद्रुकमध्ये, संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार केले असं ज्यांच्याविषयी सांगितलं जातं त्या महार समाजातल्या गोविंद गोपाळ यांच्या समाधीजवळच्या फलकावरून वाद पेटला होता. संभाजी महाराजांवर अंत्यसंस्कार कोणी केले, हा सतराव्या शतकाचा प्रश्न आणि फलक एकविसाव्या शतकाचा. दोन समाजांच्या आठवणी एकाच गावात शेजारी राहत असतील तर एक फलकही पुरतो.

आता पैशाकडे येतो. महाराष्ट्रातल्या स्मारकांची गेल्या सव्वाशे वर्षांची गोष्ट मला एका वाक्यात सांगायला सांगितली तर मी म्हणेन: वर्गणीकडून निविदेकडे.

दादरची चैत्यभूमी वर्गणीची. ७ डिसेंबर १९५६ ला तिथे बाबासाहेबांवर अंत्यसंस्कार झाले, पुढे त्यांचे चिरंजीव भय्यासाहेब आंबेडकर यांच्या पुढाकाराने लोकांच्या पैशातून स्तूप झाला. तो स्तूप उंचीने छोटाच. पण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर जाऊन पुस्तकांचे स्टॉल पाहा. मराठीतली इतकी पुस्तकं एका दिवसात, इतक्या कमी उत्पन्नाच्या माणसांकडून विकत घेतली जातात, असं दुसरं ठिकाण मला माहीत नाही. कोणी दोन वेळचं जेवण पिशवीत बांधून येतो आणि परत जाताना त्याच पिशवीत पुस्तक असतं. स्मृती टिकवायची म्हणजे काय करायचं, याचं उत्तर मला तिथे मिळालं. सरकारी प्रकल्प अहवालात ते मिळालं नाही.

शेजारच्या इंदू मिलची कथा वेगळी. २०११ च्या ६ डिसेंबरला कार्यकर्ते मिलच्या जागेत घुसले तेव्हा मागणी जमिनीवरून उठली होती. मग ती सरकारकडे गेली, २०१५ च्या ऑक्टोबरमध्ये पंतप्रधानांच्या हस्ते भूमिपूजन झालं, चौथऱ्यासह ४५० फूट उंचीचा आराखडा ठरला, आणि दहा वर्षं उलटून गेली तरी काम चालूच राहिलं. अरबी समुद्रातल्या शिवस्मारकाचं जलपूजन २०१६ च्या २४ डिसेंबरला झालं, मुंबई महापालिकेच्या निवडणुकीच्या दोन महिने आधी. २०१९ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयामुळे काम थांबलं. समुद्रात आजही समुद्रच आहे. पण राजकीय पातळीवर ते स्मारक वाया गेलं असं म्हणता येणार नाही. घोषणा, समिती, जागेची पाहणी, उंची वाढवण्याची घोषणा, जलपूजन, निविदा, निविदेवरचे आरोप: न बांधलेल्या स्मारकाने कितीतरी निवडणुकांना मजकूर पुरवला. बांधून झालेलं स्मारक एकदाच उद्घाटित होतं.

आणि मालवण. राजकोट किल्ल्यावर ३५ फुटी पुतळ्याचं अनावरण ४ डिसेंबर २०२३ ला नौदल दिनाच्या निमित्ताने पंतप्रधानांच्या हस्ते झालं. २६ ऑगस्ट २०२४ ला तो कोसळला. नऊ महिनेही टिकला नाही. आपण दाखवल्या गेलेल्या सहा फुटी प्रतिकृतीला मान्यता दिली होती, पुतळा ३५ फुटांचा होणार हे सांगितलंच गेलं नव्हतं, असं कला संचालनालयाकडून तेव्हा सांगण्यात आलं. पुतळा समित्यांवर बसलेल्या कोणालाही हे वाचून नवल वाटलं नसेल. आपल्याकडे महापुरुषांच्या पुतळ्यांसाठी शासनाची मार्गदर्शक तत्त्वं आहेत, मातीच्या नमुन्याला कला संचालनालयाची मान्यता लागते, पोलिसांचा ना-हरकत दाखला लागतो, जागेची मालकी दाखवावी लागते. हे सगळं वेळ खातं. पाहुण्यांची तारीख मात्र आधी ठरते आणि काम त्या तारखेच्या मागे धावतं. कोसळल्यानंतर काय झालं तेही पाहा. पंतप्रधानांनी माफी मागितली. विरोधकांनी १ सप्टेंबरला मोर्चा काढला तो हुतात्मा चौकातून गेटवेपर्यंत. संयुक्त महाराष्ट्राच्या स्मारकापासून निघायचं आणि गेटवेच्या शिवपुतळ्यापाशी पोचायचं, तेही एका पडलेल्या पुतळ्यासाठी. वर्षभरात तिथे आधीपेक्षा उंच पुतळा उभा राहिला. इतक्या महिन्यांत दोन्ही बाजूंनी उंची, गंज, बोल्ट, कंत्राट यांवर चर्चा झाली. शिवाजी महाराजांनी सिंधुदुर्ग का बांधला, आरमार कसं उभं केलं, दर्यावर कोणकोणत्या जातिधर्मांची माणसं त्यांनी घेतली, यावर किती बोललं गेलं ते आठवून पाहा.

निविदेच्या स्मारकाला लोक स्वीकारत नाहीत असं मी म्हणत नाही. गेटवेचा शिवपुतळा १९६१ चा, सरकारी, आणि तो सगळ्यांनी आपला मानला. फरक अडचणीच्या वेळी दिसतो. १ जुलै २०२४ ला नागपूरच्या दीक्षाभूमीवर भूमिगत पार्किंगच्या कामाविरुद्ध हजारो लोक उतरले, स्तूपाला धोका होईल म्हणून त्यांनी काम बंद पाडलं आणि सरकारला त्याच दिवशी विधानसभेत स्थगिती जाहीर करावी लागली. योजना सौंदर्यीकरणाची होती, दोनशे कोटींची होती, विरोध करणारे त्याच स्मारकाचे अनुयायी होते. कारण ती भूमी आपली आहे आणि तिथे काय व्हायचं हे आपल्याला विचारलं गेलं पाहिजे, ही भावना त्यांच्याकडे वडिलोपार्जित होती. जिथे लोकांनी स्वतः काही घातलेलं असतं, तिथे लोक हिशेब मागायला येतात. मालवणला हिशेब मागायला पक्ष आले.

आता तारखांविषयी, थोडक्यातच. शासनाची शिवजयंती १९ फेब्रुवारीला, काही पक्षांची आणि मंडळांची तिथीने. राज्याभिषेक दिन रायगडावर ६ जूनला होतो आणि ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशीलाही होतो. शिवाय २४ सप्टेंबरच्या शाक्त, म्हणजे तांत्रिक पद्धतीने झालेल्या दुसऱ्या राज्याभिषेकाची आठवण ठेवणारे वेगळे. बाहेरच्याला हा पंचांगाचा घोळ वाटतो. खरं तर प्रत्येक तारखेमागे वेगळी संघटना, वेगळा व्यासपीठाचा मालक आणि महाराजांची वेगळी ओळख आहे. तारीख वेगळी धरली की एकाच गडावर, एकाच समाधीसमोर, दुसऱ्याच्या मांडवात न शिरता आपला मांडव घालता येतो.

दुसऱ्या प्रश्नाकडे वळतो: आठवणीत काय बदलतं? माझ्या अनुभवात पुतळा माणसाला एका पवित्र्यात गोठवतो. शिवाजी महाराज घोड्यावर, तलवार हातात. चिपळूणजवळच्या छावणीतल्या अंमलदारांना, रयतेला दाणा-गवत-लाकडासाठी त्रास देऊ नका, म्हणून खडसावणारं पत्र लिहिणारे महाराज पुतळ्यात मावत नाहीत. बाबासाहेब एका हातात संविधान आणि दुसऱ्या हाताचं बोट पुढे. १९३७ मध्ये कोकणातल्या खोती या जमीनदारी पद्धतीविरुद्ध विधेयक मांडणारे, सर्व जातींच्या कुळांना घेऊन विधिमंडळावर मोर्चा आणणारे बाबासाहेब त्या बोटाच्या दिशेने दिसत नाहीत. दर वर्षी नवीन आलेल्या विद्यार्थ्यांना मी विचारत असे की यांच्याबद्दल पुतळ्यात नाही असं काय माहीत आहे. वर्गात शांतता पसरायची. त्यात मुलांचा दोष नाही.

पुतळे हटवण्याचंही असंच. पुण्याच्या लाल महालातून दादोजी कोंडदेवांचा पुतळा २०१० मध्ये महापालिकेने काढला. संभाजी उद्यानातला राम गणेश गडकऱ्यांचा २०१७ मध्ये कार्यकर्त्यांनी उखडला. रायगडावरचं वाघ्या कुत्र्याचं शिल्प २०१२ मध्ये काढलं गेलं, पुन्हा बसवलं गेलं आणि वाद अजून मिटलेला नाही. वाघ्याला समकालीन पुरावा नाही, हे मलाही मान्य. पण त्या शिल्पाला इंदूरच्या होळकरांची देणगी होती, त्यामुळे धनगर समाजाची भावना त्यात गुंतली. म्हणून ते काढताना प्रश्न कुत्र्याच्या ऐतिहासिकतेपुरता उरला नाही. पुन्हा पावतीच. इंग्रजांचे पुतळे आपण शांतपणे हलवू शकलो त्याचं कारणही हेच असावं. सातव्या एडवर्डचा काळा घोडा १९६५ मध्ये राणीच्या बागेत गेला आणि कोणी रडलं नाही. नाव मात्र चौकाला चिकटून राहिलं, आणि २०१७ मध्ये तिथे पुन्हा घोडा आला, स्वाराशिवाय. राजाची आठवण गेली, घोड्याची राहिली. मुंबईकरांची निवड मला पटते.

शेवटी तुमच्या गावचं स्मारक. १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला राज्य सरकारने स्वातंत्र्यलढ्यातल्या गावांत हुतात्मा स्मारकं बांधली, दोनशेहून जास्त. त्यातली बरीच मी पाहिली आहेत. काहींच्या काचा फुटलेल्या, काहींत शेळ्या बांधलेल्या, एकात ग्रामपंचायतीच्या सिमेंटच्या गोण्या रचलेल्या. वडूजसारख्या ठिकाणी, जिथे ९ सप्टेंबर १९४२ ला कचेरीवर निघालेल्या मोर्च्यावर गोळीबार झाला, तिथे त्या तारखेला माणसं जमतात. बांधकामाचा खर्च जिथे झाला आणि तारीख कोणीच धरली नाही, तिथे शेळ्या.

तेव्हा समितीत आधी तारीख मागा. गावात मोर्चा कधी निघाला, गोळीबार किंवा धरपकड कधी झाली, हे नक्की करून दर वर्षी त्या दिवशी काय करायचं ते ठरावात लिहून घ्या. शाळेला त्यात धरा. आमदार निधी मिळत असेल तर घ्या, नाकारण्यात काही थोरपणा नाही. पण घरटी वर्गणीही काढा, दहा रुपये का होईना, आणि सगळ्या घरांची नोंद ठेवा. हुतात्म्यांच्या नावांची यादी तहसील कचेरीतल्या कागदांवर सोडू नका. वाड्या-वस्त्यांवर जा, कारण १९४२ च्या याद्यांमध्ये निरोप पोचवणाऱ्या, भाकरी नेऊन देणाऱ्या, भूमिगतांना लपवणाऱ्या बायकांची आणि गावकुसाबाहेरच्या माणसांची नावं हमखास गळलेली असतात. ती आत्ता आली नाहीत तर दगडावर कधीच येणार नाहीत, आणि वीस वर्षांनी कोणी आणायला गेलं तर भांडण होईल. गोळी कोणत्या सरकारने आणि कोणाच्या हुकमाने चालवली हेही मजकुरात असू द्या. गावातल्या एखाद्या मोठ्या घराण्याची त्यामुळे अडचण होत असेल तर ती आधीच समोर बसून बोला.

मूर्तीचा आग्रह असेल तर मातीचा नमुना मान्य होईपर्यंत कोणत्याही पाहुण्याची तारीख घेऊ नका. तारीख लांबली आणि पुतळा ताडपत्रीखाली झाकून राहिला, तर एखाद्या रात्री कोणीतरी ताडपत्री ओढेल, गुन्हे गावातल्या पोरांवर दाखल होतील आणि श्रेय भलताच घेऊन जाईल. कोनशिलेवर मंत्र्यांच्या नावांना वरची ओळ द्यावीच लागते, त्यावर भांडू नका. मागच्या बाजूची जागा मोकळी ठेवा आणि वर्गणी देणाऱ्या घरांची नावं तिथे कोरा, आडनावांच्या अकारविल्हे. आणि झाडलोट, दिवा, डागडुजी यांचा वर्षाचा खर्च ग्रामपंचायतीच्या अंदाजपत्रकात कुठल्या शीर्षाखाली पडणार, ते ग्रामपंचायत अधिकाऱ्याकडून लेखी घेतल्याशिवाय पायाभरणीच्या नारळाला हात लावू नका.